तुरुंग चित्रात एवढा मोठा का दिसतो?

भटकी_शाई:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय जरा तिरपा आहे, सांभाळून घ्या.

लेक रोमला शिकते म्हणून महिनाभर तिकडे होते. तिच्या नादाने पिरानेसीची छापचित्रं बघायला गेलो. जोव्हानी बात्तिस्ता पिरानेसी, जन्म १७२० चा, व्हेनिसजवळचा, पण आयुष्य काढलं रोममध्ये. त्याची तुरुंगांची एक मालिका आहे. १७५० च्या आसपास पहिल्यांदा छापली तेव्हा १४ चित्रं होती, मग १७६१ ला त्याने छापायच्या त्याच तांब्याच्या पट्ट्या परत काढल्या, खरडल्या, आणखी काळ्या केल्या आणि दोन नवीन घालून १६ केल्या. कल्पनेतले तुरुंग आहेत हे नावातच सांगून टाकलंय. पण काय ते तुरुंग! कमानीवर कमान, तिच्यावर पूल, पुलावरून जिना, जिना कुठे जातो पत्ता नाही, वरून दोरखंड आणि कप्प्या लोंबतायत, आणि माणसं मुंगीएवढी. कैदी कोण आणि बघायला आलेला कोण तेही कळत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मामर्टाइन तुरुंग बघितला. फोरमच्या कडेला आहे, रोमचा सगळ्यात जुना. रोमशी लढलेला आफ्रिकेतला राजा युगुर्था तिथे मेला, सीझरने हरवलेला गॉल सरदार व्हर्सिंगेटोरिक्स तिथेच होता. आणि आहे काय तर दोन खोल्या, एकावर एक. वरच्या खोलीच्या जमिनीला मधोमध एक भोक, त्यातून माणूस खाली सोडायचे, बस. खालच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण उभे होतो तर एका काकांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. छत इतकं खाली की मी हात वर केला तर बोटं टेकतील असं वाटलं. उतरताना भिंतीत एक खळगा दाखवतात, संत पीटरचं डोकं आपटून पडला म्हणे. लेक म्हणाली आई, एवढ्या जोरात आपटलं असतं तर पुढचं सगळं ख्रिस्तपुराण झालंच नसतं.

गंमत अशी की पिरानेसीच्या शेवटच्या चित्रात एक लॅटिन ओळ कोरलेली आहे, वाढत्या मुजोरीला धाक बसावा म्हणून, अशा अर्थाची. ती रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासातली, आणि तिथे ती ह्याच मामर्टाइनबद्दल आहे. म्हणजे ही बारकी खोली त्याला नक्की माहीत होती. तरी चित्रात तिचा असा अवाढव्य डोंगर का केला असेल?

तर प्रश्न हा, की खरा तुरुंग एवढास्सा आणि चित्रातला एवढा मोठा, असं का? आणि आत बसलेल्यांनी काढलेली चित्रं वेगळी असतात का? तुम्ही कुठे काय बघितलंय ते लिहा.

काकडी_कोशिंबीर:
आमचा डोंबिवलीचा वन आरके बघितला नाहीत वाटतं. त्यापुढे कुठलाही तुरुंग प्रशस्तच दिसेल.

नेमस्त:
उत्तर सोपं आहे. हे तुरुंग नाहीतच, नेपथ्य आहे. पिरानेसी तरुणपणी रंगभूमीच्या देखाव्यांच्या जगात वावरलेला. त्या काळच्या ऑपेरांमध्ये तुरुंगाचा प्रवेश हमखास असायचा, नायक साखळदंडात, वरून उजेडाची तिरीप, नायिका जिन्यावरून येते वगैरे. बिब्बिएना म्हणून एक घराणं होतं, पिढीजात नेपथ्यकार, त्यांनी देखावा समोरून न दाखवता कोपऱ्यातून तिरका दाखवायची रीत आणली. त्यामुळे छोट्याशा रंगमंचावर मागे अजून दहा दालनं आहेत असा भास व्हायचा. पिरानेसीने तीच युक्ती कागदावर आणली, फक्त नट काढून टाकले.

माझे आजोबा नाटकवेडे होते. कंपन्यांकडे ठरलेले पडदे असत असं सांगायचे, महाल, जंगल, रस्ता, आणि एक तुरुंग. तुरुंगाचा पडदा म्हणजे महालाचाच, वर फक्त गज रंगवलेले.

काकडी_कोशिंबीर:
महालाला गज लावले की तुरुंग. वा! घरजावयाच्या धाग्यावर डकवू का हे?

ॲसिडबाथ:
मी प्रिंटमेकिंग केलंय त्यामुळे राहवत नाही.

लोक पिरानेसीबद्दल बोलताना जिने आणि कमानी बोलतात, पण खरी जादू पट्टीवर आहे. तांब्याच्या पट्टीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या, मग पट्टी ॲसिडमध्ये. जिथे मेण निघालंय तिथे ॲसिड तांबं खातं, त्याला आम्ही बाइट म्हणतो. रेघेवर बारीक बुडबुडे धरतात ते पिसाने अलगद बाजूला सारायचे, नाहीतर रेघ फुटते. आमच्याकडे त्यासाठी कोंबडीचं पीस असायचं. फिकी हवी ती जागा वार्निशने झाकायची आणि पट्टी परत बुडवायची, जितकं जास्त बुडवाल तितकी रेघ खोल, शाई जास्त, काळं जास्त. आणि हे सगळं उलटं चालतं, छाप येईपर्यंत नक्की काय झालंय ते कळत नाही.

आता पहिल्या आवृत्तीची चित्रं बघा, कशी भराभर, फिक्या हाताची, जवळजवळ रेघोट्या. दहा-अकरा वर्षांनी तीच पट्टी घेऊन माणूस परत बसतो. खोडायचं तर तांबं खरवडावं लागतं, मग घासून गुळगुळीत करावं लागतं, तिथे पट्टी खोलगट होते आणि जुन्या रेघेचं भूत कधीकधी उरतंच. एवढा खटाटोप करून त्याने काय केलं, तर रिकाम्या जागा भरल्या. जिथे उजेड होता तिथे आणखी एक पूल, आणखी एक शिडी, आणखी साखळ्या. बाहेर पडायचे रस्ते वाढवले आणि ते सगळे परत आतच जातात. हे नेपथ्य नाही हो नेमस्त, नेपथ्य काढणारा असं परत परत त्याच जागी येत नाही.

शिवाय चौदाव्या चित्रातला जिना बोटाने फॉलो करून बघा. दोन कमानी एकाच रांगेत दिसतात आणि जिना त्यांच्या मधून जातो, जे शक्यच नाही. पहिल्यांदा मला वाटलं चूक आहे. वर्गातल्या सरांनी तासभर आम्हाला त्या एका जिन्यावर बसवलं होतं.

एक_उनाड_दुपार:
ॲसिडबाथ, मस्त लिहिलंय. मी तो जिना आत्ता मोबाईलवर झूम करून बघितला आणि चहा उतू गेला.

ठाणेकर७२:
आमच्या ठाण्याचा विषय निघाल्याशिवाय तुरुंगाचा धागा पुरा कसा होणार. चित्र नाही, पण गाणं आहे, चालेल का?

ठाण्याचं सेंट्रल जेल म्हणजे जुना किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री, त्यांचा पंढरपुरात १८१५ ला खून झाला त्या प्रकरणात इंग्रजांनी त्याला मागून घेतला आणि ह्या किल्ल्यात ठेवला. पळून जाऊ नये म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, देशी माणूस फितूर होईल म्हणून. आणि तिथेच फसले! एका अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, होता, तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोडा फिरवायचा, खरारा करायचा आणि गाणी म्हणायचा. गोरे उभे राहून ऐकतायत, त्यांना एक अक्षर कळत नाही. गाण्यात सगळा बेत. झुडपाआड तिरंदाज दबून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे ५५ आणि माणसं ५४, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन परत बहरेल. १८१६ च्या सप्टेंबरात, पावसाळी रात्री, पठ्ठ्या शौचकुपाच्या भिंतीला भोक पाडून पसार.

हे गाणं बिशप हेबरने इंग्रजीत पद्य करून ठेवलंय. पुढे त्रिंबकजी परत पकडला गेला, चुनारच्या किल्ल्यात ठेवला, तिथे हेबर त्याला १८२४ ला भेटला होता. म्हणजे आपल्या भाषेतलं तुरुंगाचं सगळ्यात भारी चित्र आज एका इंग्रज बिशपाच्या वहीतून मिळतं.

भटकी_शाई:
ठाणेकर काका, दंडवत. ह्यात तुरुंगाची भिंत एकदाही येत नाही, सगळं बाहेरचंच आहे, झुडूप, झाड, घोडे. हे लक्षात ठेवते.

काकडी_कोशिंबीर:
मराठी येत नसेल तर काय होतं बघा. हा प्रसंग परप्रांतीयांच्या धाग्यावर वापरायचा मोह आवरतोय.

संपादक_मंडळ:
आवरा. :)

एक_उनाड_दुपार:
मूळ प्रश्नावर. मला वाटतं आकार हा कोण बघतंय त्यावर आहे. व्हॅन गॉगचं कैद्यांच्या फेरीचं चित्र घ्या. उंच विटांच्या भिंती, तळाला विहिरीसारखं अंगण, कैदी गोल गोल फिरतायत. मॉस्कोला आहे ते. पण त्याने हा तुरुंग बघून काढलेलाच नाही! लंडनचं न्यूगेट, ते गुस्ताव्ह डोरे ह्या फ्रेंच चित्रकाराने काढलं, १८७२ ला छापलं, आणि त्या काळ्या-पांढऱ्या छापावरून व्हॅन गॉगने १८९० च्या फेब्रुवारीत रंगीत केलं. तेव्हा तो सेंट रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळात होता, खिडकीला गज होते. म्हणजे डोरे बाहेरचा, आत येऊन बघून गेलेला. व्हॅन गॉग आतला, पण दुसऱ्याच आतला.

आणि बघा, पुढच्या रांगेत एकच माणूस टोपीशिवाय, सोनेरी केसांचा, आपल्याकडे वळून बघतोय. तो स्वतःच विन्सेंट आहे असं बरेच जण म्हणतात. भिंतीवर खूप वर दोन पांढरी फुलपाखरं आहेत, तांदळाच्या दाण्याएवढी. मला ती तिसऱ्या वेळी दिसली. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही.

टेम्सकाठची_टवळी:
न्यूगेट १९०२ पासून पाडलं, आता तिथे ओल्ड बेली कोर्ट आहे. माझं ऑफिस पलीकडच्या गल्लीत, रोज तिथून सँडविच आणते.

न्यूगेटवरून आठवलं. होगार्थ ह्या इंग्रज चित्रकाराने तिथल्या सारा माल्कमचं चित्र काढलं, खुनाच्या आरोपात फाशीची शिक्षा झालेली धोबीण, १७३३ साल. फाशीच्या आधी तुरुंगात जाऊन समोर बसवून काढलं आणि लगेच छापून विकलं. बातमी गरम असताना. आज मोबाईल घेऊन धावतात त्यांना नावं ठेवायला नकोत. पण त्याच होगार्थचा बाप कर्जापायी लंडनच्याच फ्लीट तुरुंगात होता, लॅटिन बोलायचं कॉफी हाऊस काढलं होतं म्हणे त्याने, बुडणारच की. मुलाने पुढे उधळ्या माणसाच्या मालिकेत फ्लीट काढलं तर त्यात कमानीबिमानी काही नाही. एक गचाळ खोली, पैसे मागणारा तुरुंगवाला, बिअरचे पैसे मागणारा पोऱ्या, बायको कानाशी ओरडतेय. लहानपणी आतला वास घेतलेल्या माणसाने काढलेला तुरुंग आहे तो.

ॲसिडबाथ:
हे पटलं. बाहेरचे वास्तू काढतात, आतले सामान काढतात.

नेमस्त:
इतकं सोपं नको करू. ह्यूबर्ट रॉबर्ट हा फ्रेंच चित्रकार घे. रोममध्ये अकरा वर्षं राहिला, पिरानेसीच्या प्रभावात वाढला, पडक्या वास्तू रंगवून नाव कमावलं. १७८९ च्या जुलैत, क्रांतीत, पॅरिसचा बास्तीय तुरुंग लोकांनी घेतला आणि तो पडायला लागला तर हा आठवडाभरात तिथे हजर, चित्र काढायला. आणि कसं काढलं? धूर, उंचच उंच काळी भिंत, वर मुंग्यांसारखे पाडणारे. लोकांनी घेतला त्या दिवशी आत कैदी होते मोजून सात! पण लोकांच्या मनातलं बास्तीय तेवढंच मोठं होतं. पाडकामाचा ठेकेदार पालोय, तोही हुशार, तिथल्याच दगडातून बास्तीयच्या छोट्या प्रतिकृती करून फ्रान्सच्या सगळ्या विभागांना पाठवल्या.

पुढे चार वर्षांनी, १७९३ ला, हाच रॉबर्ट पकडला गेला. आधी सेंट पेलाजी, मग सेंट लाझार. आत काय काढलं? कॉरिडॉर. दूध वाटतायत ते. आणि कॅनव्हास नव्हता तेव्हा जेवणाच्या ताटल्यांवर चित्रं काढली, ती बाहेर विकली जायची. म्हणजे ॲसिडबाथचा मुद्दा बरोबर वाटतो, कबूल. पण सेंट लाझारचा तो कॉरिडॉर बघा, कसा लांबच लांब, उंच कमानीचा! आत बसूनही हात पिरानेसीचाच. सवय जात नाही.

काकडी_कोशिंबीर:
जेवणाच्या ताटल्या विकल्या तर जेवायचा कशात?

पणजीची_पोर:
सगळं वाचतेय, फार छान चाललंय. गोव्यातून एक भर घालते.

आमच्याकडे आग्वादचा किल्ला, खाली समुद्राला लागून जेल होतं, २०१५ पर्यंत चालू. आता संग्रहालय केलंय. पोर्तुगीज काळात गोवा मुक्तीवाल्यांना तिथे ठेवायचे. माझ्या आजीचा चुलतभाऊ होता आत, तो भिंतीबद्दल काही सांगायचा नाही, लाटांचा आवाज सांगायचा. दिसत नाही पण रात्रभर ऐकू येतं, भरती-ओहोटी मोजून वेळ कळायची.

गोवा मुक्तीचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना १९४६ ला पकडलं, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. ह्याच पेनिशमध्ये नंतर पोर्तुगालचा कम्युनिस्ट नेता आल्व्हारो कुन्याल होता, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत. आडनावं कानाला सारखी लागतात, गोंधळू नका. कुन्याल त्याआधी लिस्बनच्या तुरुंगात कित्येक वर्षं एकांतात होता, आणि ह्या सगळ्या काळात पेन्सिलीने चित्रं काढायचा. १९६० च्या जानेवारीत पेनिशहून साथीदारांसोबत पळाला. चित्रं नंतर छापली गेली. तुरुंगातली चित्रं म्हणून तुम्ही उघडता आणि तुरुंग कुठेच नाही. शेतकरी, बायका, घोळके, नाच. नुसती माणसं. जो वर्षानुवर्षं एकटा आहे तो गर्दी काढतोय.

भटकी_शाई:
पणजीची पोर, अंगावर काटा आला गं. मोतद्दाराच्या गाण्यासारखंच. आतला माणूस भिंत काढतच नाही.

चौकटराजा_नाही:
मग ऑस्ट्रियाचा चित्रकार एगॉन शीले राहिला ना. १९१२, व्हिएन्नाजवळ नॉयलेंगबाख, २४ दिवस कोठडीत. आत जलरंगात काय काढलं, दार, खाट, आणि मळकट पांघरुणावर एक संत्रं. चित्रावर लिहिलंय की हे एक संत्रं हाच तेवढा उजेड होता. एकाच खोलीत एकाच फळावर लक्ष. पिरानेसीच्या १६ पट्ट्यांवर हे एक संत्रं भारी आहे, माझ्यापुरतं.

टेम्सकाठची_टवळी:
संत्रं सुंदर आहे, मान्य. पण तो आत का होता तेही लिहा ना. अल्पवयीन मुलीला पळवल्याचा आरोप होता, तो टिकला नाही, पण मुलांच्या नजरेला अश्लील चित्रं पडू दिली म्हणून शिक्षा झालीच. प्रत्येक तुरुंगातला चित्रकार हुतात्मा नसतो. त्याच्याच आतल्या चित्रांमध्ये मी बिचारा, मी छळलेला हे जरा जास्तच आहे.

चौकटराजा_नाही:
चित्राबद्दल बोलतोय, चारित्र्याबद्दल नाही.

टेम्सकाठची_टवळी:
चित्राबद्दलच बोलतेय. संत्र्याच्या शेजारी त्याने स्वतःला संत करून बसवलंय.

संपादक_मंडळ:
दोघांचंही म्हणणं पोचलं. पुढे चला.

मास्तर_निवृत्त:
मंडळी, चित्रं परदेशची झाली, आता घरचं बघू. आपले लोक आत गेले आणि त्यांनी चित्रं काढली नाहीत, लिहिलं. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते १९३३ ला, तिथे पाच दिवसांत श्यामची आई लिहून काढली. एका तरी पानावर तुरुंगाची भिंत आहे का? कोकण आहे, आई आहे, पत्रावळ आहे. विनोबांनी १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली, समोर बसून लिहून घेत होते ते साने गुरुजीच. टिळकांचं गीतारहस्य मंडालेचं. शाईताईंचा मुद्दा मराठीलाही लागू पडतो.

ठाणेकर७२:
मास्तर, अर्धंच सांगितलंत. आगरकरांचं काय? टिळक-आगरकर कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ ला मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात आत गेले आणि बाहेर आल्यावर आगरकरांनी १०१ दिवसांचं सगळं लिहिलं, ते तुरुंगाबद्दलच आहे की. आणि सावरकरांची माझी जन्मठेप? त्यात कोलू आहे, कोठडी आहे, जेलर बारी आहे, सगळं आहे. आतला माणूस भिंत काढत नाही असा नियम करू नका.

मास्तर_निवृत्त:
ती बाहेर आल्यावर लिहिली, काका. आत असताना भिंतीवर खिळ्या-काट्याने काय कोरलं, तर कमला काव्य. त्यात फुलं आहेत.

ठाणेकर७२:
हं. हे मान्य करायला जड जातंय, पण मुद्दा आहे.

एक_उनाड_दुपार:
अंदमानला गेले होते दोन वर्षांपूर्वी, सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ बांधकाम चाललं. मधे मनोरा आणि त्यातून फुटलेल्या सात लांब इमारती, आता तीनच उरल्यात. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे समोर फक्त भिंत, समोरच्या माणसाचं तोंड कधी दिसूच नये. कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय सात. मागच्या भिंतीत खूप वर एक झरोका.

आता गंमत बघा. बाहेर विकायला ठेवलेल्या पोस्टकार्डांवर आणि चित्रांवर सगळीकडे आकाशातून दिसणारं जेल, ते चक्राच्या आऱ्यांसारखं. सुंदर दिसतं हो, खरंच. पण आत असलेल्या एकाही माणसाने ते तसं कधी बघितलं नसणार. दाराची कडी आत पोचत नाही इतकी लांब भिंतीत नेलेली आहे, मी बराच वेळ ती कडीच बघत बसले. नवरा म्हणाला चल, लाइट अँड साउंड सुरू होतोय.

आटपाडीकर:
नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय. बिनभिंतीच्या तुरुंगाचं कुणी बोललंच नाही. आमच्या तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ ला, खुनाच्या शिक्षेतले कैदी मोकळ्या माळावर ठेवले, शेती करा म्हणून. कुंपण नाही. त्यावरूनच शांतारामबापूंचा दो आँखें बारह हाथ, १९५७. गोष्ट गदिमांची, ते आमच्याच भागातले, त्यामुळे ऐकीव नाही.

आता तुमच्या प्रश्नाला धरून सांगतो. आख्ख्या पिक्चरमध्ये तुरुंग म्हणजे काय दाखवलाय, तर जेलरचे दोन डोळे. कैदी पळतात तर ते डोळे आभाळात दिसतात. भिंत नाही म्हणून डोळे मोठे करावे लागले. माझ्या आज्याने तो माळ बघितलाय, तो म्हणायचा भिंत नव्हती म्हणून पहिले काही दिवस लोकांना झोप यायची नाही.

काकडी_कोशिंबीर:
आटपाडीकर, ह्याच्यावर मला जोक सुचत नाहीये. दखल घ्यावी.

ॲसिडबाथ:
अवांतर: पिरानेसीच्या ह्या चित्रांची कीर्ती न बघता जास्त झालीय हे माहितेय का? डी क्विन्सी हा इंग्रज लेखक, अफूवाला, त्याने १८२१ ला लिहिलं की कवी कोलरिजने मला ह्या चित्रांचं वर्णन सांगितलं. वर्णन काय, तर जिन्यावर स्वतः पिरानेसी चढतोय, जिना अधांतरी संपतो, वर बघावं तर दुसरा जिना आणि त्यावर परत पिरानेसी, आणि असंच वर वर. एकाने आठवणीतून सांगितलं, दुसऱ्याने न बघता लिहिलं, आणि शोधलं तर असं चित्र मालिकेत नाहीच. तरी ते वाचल्यावर सगळ्यांना तेच दिसतं. चित्रापेक्षा चित्राची अफवा मोठी झाली.

नेमस्त:
आणि ह्या माणसाने आयुष्यात वास्तू म्हणून बांधली किती, तर रोमला एक छोटं चर्च. बाकी सगळं कागदावर. मोठं बांधायची हौस तांब्यावर भागवली, मला तर एवढंच वाटतं.

वारुळातली_मुंगी:
पहिल्यांदाच लिहितेय, नुसती वाचक आहे आजवर.

मी एका संस्थेतर्फे काही महिने एका जेलमध्ये चित्रकलेचा वर्ग घ्यायला जात होते. कुठलं ते नको. आठवड्यातून एकदा, दोन तास, बराकीच्या पुढच्या शेडमध्ये. पेन्सिली मोजून न्यायच्या आणि मोजून परत आणायच्या, शार्पनर न्यायची बंदी, मी बाहेरून सगळ्या टोकदार करून न्यायचे. बहुतेक कच्चे कैदी, वर्षानुवर्षं तारखाच पडतायत असे.

पहिल्या दिवशी म्हटलं काहीही काढा. सतरा जणांपैकी पंधरा जणांनी तेच काढलं, दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. चौथीतल्या पोरांसारखं. मला आधी वाईट वाटलं, मग त्यातला एक म्हणाला, मॅडम, शाळा सुटल्यावर पेन्सिल आजच धरतोय. म्हणजे हात तिथेच थांबलेला.

आता तुमच्या प्रश्नासाठी लिहिते. एक वयस्कर गृहस्थ होते, मी त्यांना काका म्हणायचे, ते कधीच काही काढायचे नाहीत, पेन्सिली मोजायला मदत करायचे. एकदा मी म्हटलं काका, इथलं काहीतरी काढा. त्यांनी कागद आडवा धरला आणि बाहेरच्या भिंतीचे दगड काढायला लागले, एकेक. डाव्या कोपऱ्यापासून. दोन तासांत पान भरलं, तर म्हणाले दुसरा कागद द्या, मावत नाहीये. पुढच्या आठवड्यात तो आधीच्याला चिकटवला. असे पाच कागद झाले. माणूस नाही, गेट नाही, झाड नाही. मी विचारलं किती राहिलीय अजून, तर म्हणाले मुलाखतीच्या खिडकीपर्यंत जायचंय.

मग त्यांची बदली दुसऱ्या जेलला झाली. कागद माझ्याकडे आहेत. उलगडले की आमच्या हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात.

भटकी_शाई:
मुंगी, तुम्ही लिहीत जा हो.

मी मगाशी म्हटलं आतला माणूस भिंत काढत नाही, ते मागे घेते. ठाणेकर काका, तुम्ही बरोबर होतात.

ॲसिडबाथ:
मुंगीताई, ते कागद कसे ठेवलेत? गुंडाळी करून रबर लावलं असेल तर आजच काढा, रबर वितळून कागदाला चिकटतं. सेलोटेपने जोडले असतील तर तो पिवळा पडतो आणि डाग आरपार येतो. सपाट ठेवा, मधे बटर पेपर घाला. व्यनि (खाजगी निरोप) करते, टेप कसा सोडवायचा ते सांगते.

वारुळातली_मुंगी:
सेलोटेपच आहे. रबरही आहे. काढते लगेच.

ठाणेकर७२:
शाईताई, मागे घेऊ नका, अर्धं माझं अर्धं तुमचं. बाकी एक काम आहे मंडळी. त्या मोतद्दाराच्या गाण्याचे मूळ मराठी शब्द कुणाच्या घरात, कुणाच्या आजीच्या तोंडी उरलेत का? ५५ घोडे असं काही ऐकलेलं असेल तर इथे टाका, चालीसकट असेल तर फारच छान.

काकडी_कोशिंबीर:
आजीला विचारून सांगतो. ती ठाण्याचीच, पण तिला ऐकू कमी येतं, म्हणजे मला खिडकीखाली उभं राहून ओरडावं लागणार.